दाब, धर, सोड

रिव्हर्स टाकताना 'खर्रर्र' असा आवाज आला आणि सोसायटीच्या वॉचमनने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या खुर्चीवरूनच गाडी नेली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा खर्रर्र. मग क्लच दोन-तीनदा पटपट दाबून बघितला आणि गिअर टाकला, तर निमूट पडला. २०२२ च्या सप्टेंबरमधला शनिवार होता आणि मी फक्त भाजी आणायला निघालो होतो.

तसं आठवडाभर क्लचचं पेडल वेगळं लागत होतं, हे खरं. पहिला निम्मा प्रवास नुसताच, भिजवलेल्या कणकेत पाय घातल्यासारखा, आणि मग खाली गेल्यावर कुठेतरी थोडा जोर. पण बाणेर ते हिंजवडी या रस्त्यावर माणूस पहिला-दुसरा-पहिला-दुसरा करत इतका बधिर होतो की डावा पाय आपला आहे हेच विसरतो. गाडीकडे आपलं लक्ष जातं ते आवाज आल्यावर.

भाजी राहिली, गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. (कुठल्या ते लिहीत नाही, तुमच्याही घराजवळ असंच एक असेल.) हातात टॅब घेतलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण सल्लागार आला. त्याने दार उघडलं, उभ्या-उभ्याच पेडल एकदा दाबलं आणि विचारलं, "किती चाललीय सर?"

"ब्याऐंशी हजार."

"मग झालंच की. क्लच सेट गेला. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, लेबर धरून अठरा हजार चारशे."

मी म्हटलं, "पण गाडी पिकअपला काही त्रास नाही. चढावर ओढते मस्त. नुसता गिअर पडत नाही."

"तेच ना सर. क्लच गेला की गिअर पडत नाही."

इथे मला पहिल्यांदा शंका आली. आणि या शंकेपायीच पुढचं सगळं रामायण घडलं.

क्लचचे आजार बघायला गेलं तर दोनच. एक म्हणजे तो धरत नाही, आणि दुसरा म्हणजे तो सोडत नाही. प्लेट झिजली की क्लच धरत नाही: अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी मात्र पुढे जायला तयार नसते, चढावर जळका वास येतो. माझी गाडी धरत होती उत्तम. ती सोडत नव्हती. पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा काडीमोड पूर्ण होत नव्हता, म्हणून गिअर खरखरत होते. झिजलेली प्लेट आणि न सुटणारा क्लच ही उलट टोकं आहेत. ताप आलेल्या माणसाला अंग गार पडल्याचं औषध द्यावं तसला प्रकार. सल्लागाराला हे माहीत नव्हतं, की माहीत असून टॅबमध्ये त्यासाठी रकाना नव्हता, देव जाणे. तपासणीचे पाचशे रुपये भरून मी गाडी परत आणली.

तर मंडळी, आजचा विषय: हायड्रॉलिक क्लचमधली हवा घरच्या घरी काढणे. पळू नका. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पळायचंच आहे त्यांची सोय होईल. ही हवा घरी काढावी. ज्याच्याकडे अशी गाडी आहे त्याने निदान एकदा काढावी. आणि हवा आत आली कुठून, हे शोधायची ज्याची तयारी नसेल त्याने मात्र पान्याला हातही लावू नये. यातलं दुसरं मत मला बरंच महाग पडून मिळालेलं आहे, ते पुढे येईलच.

मारुती ८०० वर शिकलेल्यांना ही भानगड नवीन वाटेल, कारण तिच्यात क्लचला सायकलच्या ब्रेकसारखी केबल होती. सैल पडली की नट फिरवून ताणायची, तुटली की बदलायची. हायड्रॉलिकमध्ये केबलच्या जागी तेल असतं. पेडलच्या मागे एक सिलिंडर, गिअरबॉक्सवर दुसरा, मध्ये पाईप. पुस्तकात यांना मास्टर आणि स्लेव्ह म्हणतात (हे शब्द आमच्या धंद्यातून आता हद्दपार होत आलेत, गिटहबने २०२० मध्ये मास्टरचं मेन केलं), गॅरेजमध्ये मात्र 'क्लच अप्पर' आणि 'क्लच लोअर'. मला गॅरेजमधली नावंच आवडतात. वरचा आणि खालचा, विषय संपला.

आता जरा गणित करू. वरच्या सिलिंडरचा व्यास १६ मिलिमीटर धरा. पेडल पूर्ण दाबल्यावर त्यातला दट्ट्या २५ मिलिमीटर सरकतो असं धरा. गाडीगणिक आकडे थोडे बदलतील, पण मासला हाच. गुणाकार करा, ढकललं गेलेलं तेल येतं सुमारे ५ मिलिलिटर. म्हणजे खोकल्याच्या औषधाचा एक चमचा! दीड-दोन टनाच्या गाडीचं इंजिन चाकांपासून वेगळं करायचं काम एवढा एक चमचा तेल करतं. खालच्या सिलिंडरचा व्यास २० असेल तर त्याचा दट्ट्या १६ मिलिमीटर पुढे येतो, तो फोर्कला ढकलतो, फोर्क बेअरिंगला, आणि या सगळ्या उलाढालीनंतर प्रेशर प्लेट मागे हटते ती जेमतेम एक-दोन मिलिमीटर.

या चमच्यात एक मिलिलिटर हवा शिरली असं समजा. तेल दबत नाही, हवा दबते. पेडलचा पहिला पाचवा हिस्सा त्या बुडबुड्याला चेपण्यातच खर्च होतो, खाली काहीच पोचत नाही. आणि एक-दोन मिलिमीटरच्या हिशोबात पाचवा हिस्सा गेला की उरतं काय? म्हणून तो कणकेसारखा पाय, म्हणून ती खरखर. पटपट दोन-तीनदा दाबलं की प्रत्येक वेळी वरून थोडं जास्तीचं तेल खाली ढकललं जातं आणि गिअर पडतो, पण थोड्याच वेळापुरता. ही खूण लक्षात ठेवा. पंप केल्यावर सुधारणारा क्लच म्हणजे हवा, नाहीतर दमलेलं सील. झिजलेली प्लेट पंप करून सुधारत नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, साहित्य जमवलं. १० नंबरचा रिंग पाना, मेडिकलमधून आणलेली सलाईनची नळी, पाण्याची रिकामी बाटली, ब्रेक ऑईलची सीलबंद बाटली, आणि बायको. (तिला 'साहित्या'त घातलेलं आवडलेलं नाही, पण लेख आधी तिनेच वाचलाय आणि पुढे काय आहे ते माहीत असल्यामुळे हे चालवून घेतलंय.)

ब्रेक ऑईलबद्दल दोन शब्द. क्लचमध्ये पण तेच लागतं, आणि टाकीच्या झाकणावर जे लिहिलेलं असेल तेच घालायचं. माझ्या गाडीला डॉट ४. नावात ऑईल असलं तरी हे खरं तेल नव्हे, ते ग्लायकॉलच्या जातीचं असतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. कोरडं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलं की हाच आकडा १५५ वर येतो. डॉट ३ ला २०५ आणि १४०. म्हणून मागच्या पावसाळ्यात उघडलेली अर्धी बाटली 'वाया कशाला घालवा' म्हणून ओतायची नाही. आणि चुकून इंजिन ऑईल तर नाहीच नाही, आतली रबरं फुगून बसतात. शिवाय हे गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग उचलतं, लगेच पाणी ओतून धुवायचं. माझ्या डाव्या मडगार्डवर एका रुपयाच्या नाण्याएवढा पुरावा आहे.

गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना विटा, इंजिन बंद. माझी गाडी उंच आहे, जॅक न लावता खाली शिरता येतं. तुमची नसेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावा. त्यात विनोद करण्यासारखं काही नाही.

मी खाली, ती वर. खालच्या सिलिंडरवर एक छोटं निपल असतं, रबरी टोपी घातलेलं. टोपी काढली, पाना बसवला, निपलवर नळी चढवली, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्याशा तेलात बुडवलं. आणि मग आमचा मंत्र सुरू झाला.

"दाब."

पेडल खाली जातं.

"धर."

मी निपल पाव फेरा उघडतो. नळीतून फस्स करून बुडबुडे आणि चहाच्या रंगाचं तेल. निपल बंद.

"सोड."

हवा काढणं म्हणतात ते एवढंच. उघडं असताना पेडल वर येता कामा नये, नाहीतर बाहेर गेलेलं परत आत ओढलं जातं. क्लचचं पेडल या वेळी आपोआप वर येईलच असंही नाही, ते जमिनीला चिकटून बसतं.

"वर येत नाहीये!" वरून आवाज.

"पायाच्या बोटांनी उचल."

"मी काय माकड आहे का?"

चौथ्या-पाचव्या फेरीला गोंधळ झाला. मी "सोड" म्हणायच्या आधीच तिने सोडलं, किंवा ती म्हणते त्याप्रमाणे मी बंद करायच्या आधीच "सोड" म्हणालो. नळीतलं तेल सर्रकन उलटं वर चढलं. टोक तेलात बुडालेलं होतं म्हणून हवेऐवजी तेलच ओढलं गेलं. ते बुडवायचं कशासाठी हे तेव्हा डोळ्यांनी कळलं. बायको टेस्टिंगमध्ये आहे. ती वरून शांतपणे म्हणाली, "तुझ्या प्रोटोकॉलमध्ये अ‍ॅक्नॉलेजमेंटच नाहीये." बरोबर होतं. तेव्हापासून ती "दाबलं", "धरलंय", "सोडलं" असं उत्तर द्यायला लागली आणि एकही फेरी चुकली नाही. दर पाच-सहा फेऱ्यांनंतर तिने खाली उतरून टाकीतली पातळी बघायची आणि भर घालायची, हेही तिनेच ठरवलं. टाकी रिकामी झाली तर वरूनच नवी हवा आत जाते आणि पहिल्यापासून सुरुवात.

तीसेक फेऱ्यांनी बुडबुडे थांबले आणि नळीतून स्वच्छ, मधाच्या रंगाचं तेल यायला लागलं. निपल आवळलं, मनगटाच्या जोरानेच, कारण ते पोकळ असतं आणि पैलवानी केली तर तुटून आत राहतं. पेडल दाबलं तर काय सांगू! वरपासूनच कणखर. रिव्हर्स असा पडला, लोण्यात सुरी. सव्वा तास, चारशेच्या आत खर्च. अंगाला ग्लायकॉलचा वास, केसांत माती, आणि बारा वर्षांच्या नोकरीत एकाही रिलीजला झाला नसेल असला आनंद.

हात धुताना बायको म्हणाली, "पण ही हवा आत आली कुठून?"

"येते थोडीफार. जुनी गाडी आहे."

"अरे पण बंद सिस्टीम आहे ना? तूच सांगितलंस. मग तेल जिथून बाहेर जात असेल तिथूनच हवा येत असणार."

"अगं, चालतंय ना आता?"

आमच्या धंद्यातल्या लोकांना या वाक्याची किंमत सांगायला नको. प्रत्येक डेव्हलपर प्रत्येक टेस्टरला हे कधी ना कधी म्हणालेला असतो. सर्व्हर अडकला, रीस्टार्ट केला, चालतंय ना आता? मेमरी कुठे गळतेय ते पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू. मी मित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकला, '१८,००० वाचवले' असं लिहून. बावीस अंगठे आले.

चार आठवड्यांनी, दिवाळीसाठी, साताऱ्याला निघालो. मागे आई आणि लेक, डिकीत फराळाचे डबे. सुट्टीची गर्दी म्हणजे तुम्हाला माहितीच आहे. शिरवळपर्यंत ठीक. खंबाटकी सुरू झाला, पुढे उसाचा नव्हे पण तसाच लादलेला ट्रक, आणि दुसऱ्यावरून पहिला टाकायला क्लच दाबला तर पाय थेट जमिनीला. मध्ये काहीच नाही. कणीकसुद्धा नाही.

पंप केला. तीनदा, चारदा. सातव्या-आठव्या वेळी कुठे पहिला पडला. ठरवलं, आता माथ्यापर्यंत पहिलाच, थांबायचं नाही. पण घाटात थांबायचं की नाही हे आपण ठरवत नाही, पुढचा ट्रक ठरवतो. तो थांबला. मी ब्रेक दाबला, क्लच सुटेना, गाडीने दोन आचके दिले आणि इंजिन बंद पडलं. त्या घाईत मी नेमकं काय केलं ते आता आठवत नाही, पण ब्रेकवरचा पाय क्षणभर उचलला गेला असणार, कारण गाडी मागे सरकली. हातभरच. मागून कोणीतरी जीव खाऊन ओरडलं. आरशात बघितलं तर मोटारसायकलवर एक नवराबायको, तिच्या मांडीवर झोपलेलं पोर, आणि त्यांचं पुढचं चाक माझ्या बंपरपासून वीतभर. बाजूला सरायला त्याला जागा नव्हती, एका अंगाला कठडा, दुसऱ्या अंगाला बस.

हँडब्रेक ओढला. आई मागे काहीतरी पुटपुटत होती. बायको उतरली, त्या माणसाशी बोलली, त्याला हाताने वाट करून देत पुढे काढलं आणि मागच्या चाकाला दगड लावून तिथेच उभी राहिली. वरचं उरलेलं अंतर कसं चढलो ते लिहीत बसत नाही. पंप, हँडब्रेक, पंप, दगड. घाम पुसायलाही हात मोकळा नव्हता.

घाट उतरल्यावर वेळ्याच्या पुढे रस्त्याकडेला एक गॅरेज दिसलं. पत्र्याची शेड, बाहेर टायर. मेकॅनिक पन्नाशीचा. किती चाललीय वगैरे त्याने काही विचारलं नाही. गोणपाट टाकून खाली शिरला, खालच्या सिलिंडरच्या तोंडावर रबराची टोपी असते ती स्क्रू-ड्रायव्हरने जरा मागे सारली. आतून तेल टपटप त्याच्या मनगटावर पडलं. अर्धं मिनिट, जास्त नाही.

"हवा काढली होती का कोणी एवढ्यात?"

"मीच."

"काढलीत चांगली. पण गळती नाही बघितली."

मी बायकोकडे बघितलं नाही. ती काही बोलली नाही, आणि आजतागायत बोललेली नाही, जे जास्त त्रासदायक आहे.

त्याने पोराला किट आणायला पिटाळलं. सिलिंडर काढला, पुसला, आतून बोट फिरवून बघितलं, ओरखडा नाही म्हणाला, म्हणून नुसतं रबर बदललं. ओरखडा असता तर नवं सीलही टिकलं नसतं, अख्खा लोअर बदलावा लागला असता. हवा काढायला त्याच्या पोराने पेडल दाबलं, दोघं एक अक्षर न बोलता, पान्याच्या टकटकीवर. सगळे मिळून साडेसहाशे रुपये.

आता मतांकडे येतो.

सर्व्हिस सेंटरला शिव्या घालणं सोपं आहे आणि मी त्या भरपूर घातल्या. पण शांतपणे विचार केला तर त्या सल्लागाराने केलं ते आणि मी केलं ते यांत मला फारसा फरक दिसत नाही. तो लक्षण बघून सेट विकत होता, मी लक्षण बघून हवा काढत होतो. कारण शोधायला दोघांपैकी कोणीही खाली वाकून टोपी मागे सारली नाही. त्याच्या बाजूने एवढंच, की त्याच्या सल्ल्याने फक्त माझा खिसा हलका झाला असता. कदाचित गिअरबॉक्स उतरवताना एखाद्या फिटरला गळका सिलिंडर दिसलाही असता. माझ्या कारागिरीने घाटात एक मोटारसायकल चिरडायची वेळ आणली.

मग घरी करावं की नाही? माझ्या एका मित्राचं म्हणणं ठरलेलं आहे: "माझ्या तासाला कंपनी जे देते त्यात दोन मेकॅनिक येतील, मी कशाला गाडीखाली झोपू?" दिसायला बिनतोड आहे. पण यात तो मजुरीचा हिशोब करतोय, आणि मजुरी हा या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. महाग आहे ते निदान. आणि निदान विकत घेताना आपल्याला चार प्रश्न विचारता आले नाहीत, तर समोरचा देईल ते घ्यावं लागतं. 'धरत नाही की सोडत नाही?' हा एक प्रश्न मला ठाऊक होता म्हणून अठरा हजार वाचले. 'गळतंय कुठे?' हा दुसरा ठाऊक असूनही विचारला नाही, तर खंबाटकीत उभा राहिलो. मित्राला मी म्हणतो, तासाचा दर राहू दे, एक रविवार झोप गाडीखाली. पुढचे रविवार मेकॅनिकला दे हवं तर. एकदा खाली झोपलेल्या माणसाशी मेकॅनिक वेगळं बोलतो, हा माझा अनुभव आहे.

पण करणार असाल तर बाटली उघडायच्या आधी गळती शोधा. जागा ठरलेल्या आहेत. खालच्या सिलिंडरची टोपी मागे सारून आत ओल आहे का बघा. पेडलच्या वर, जिथे दांडा वरच्या सिलिंडरमध्ये जातो तिथे बोट लावा, पायाखालची चटई त्या बाजूला ओली आहे का बघा. पाईपचे जोड बघा. बाहेर कुठेच ओल नाही, पण सिग्नलला दाबून धरलेलं पेडल हळूहळू खोल जातंय, तर वरच्या सिलिंडरचं आतलं सील तेल मागे सोडतंय, तिथे कितीही हवा काढलीत तरी उपयोग नाही. आणि सील-पाईपाचं काम नुकतंच झालेलं असेल, तर मात्र हवा त्या कामातच शिरलेली असते. मग ती काढली की खरंच काम संपतं.

काही गाड्यांत खालचा सिलिंडर गिअरबॉक्सच्या पोटात, बेअरिंगभोवती बसवलेला असतो. निपल बाहेर असतं, त्यामुळे हवा घरी काढता येते, पण तो गळायला लागला तर गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. आणि ब्याऐंशी हजार चाललेल्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर सेटही बदलून घ्या, हे सांगणारा सल्लागार तिथे लुबाडत नसतो. अशा गाडीवाल्यांनी माझा लेख त्याच्या तोंडावर फेकू नये.

आणि ब्रेक. 'क्लच जमला, आता ब्रेकची पण हवा काढू' असे निरोप मला त्या फोटोनंतर आले होते. माझं उत्तर: नको. पद्धत तीच, मंत्र तोच, पण ती चार चाकांवर चार वेळा, ठरलेल्या क्रमाने करायची असते आणि एबीएसच्या काही गाड्यांना त्यासाठी स्कॅनर लावावा लागतो. चूक कुठे राहिली ते पहिल्या जोरदार ब्रेकला कळतं. जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहून दोन-चारदा बघितल्याशिवाय तिकडे जाऊ नका. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांची टाकी एकच असते. क्लचची नळी मुद्दाम वरच्या अंगाला काढलेली असते, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकपुरतं तेल खाली राहतं. तरीही अशा गाडीत पातळी पडू देणं म्हणजे आगीशी खेळ. दर चार फेऱ्यांनी बघा.

कोणी म्हणेल, हे सगळं शिकून करायचं काय, तिसरं पेडलच चाललंय. खरं आहे. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे एएमटी आली, २०२० मध्ये क्लचचं पेडल नसलेला पण हाताने गिअर टाकायचा आयएमटी आला, आणि विजेच्या गाड्यांत तर क्लचच नसतो. पुढची गाडी मीही बहुतेक तसलीच घेईन, खंबाटकीनंतर आईने तसं बजावलंच आहे. पण ब्रेकमध्ये तेच तेल आहे, विजेच्या गाडीतही. पाणी ते तिथेही ओढतं.

मेकॅनिकने काढून दिलेलं जुनं सील मी घरी आणलं. करंगळीत बसेल एवढं रबर, कडेला एका जागी नखाएवढं फाटलेलं. त्या रविवारी टोपी मागे सारली असती तर तेव्हाच ओल दिसली असती. बायकोने टाकीवर नेलपॉलिशने पातळीची रेघ मारून ठेवली आहे, लाल रंगाची. महिन्याच्या पहिल्या रविवारी बॉनेट उघडून ती बघायचं काम लेकीकडे आहे, त्याचे तिला दहा रुपये मिळतात. काल म्हणाली, "बाबा, रेघेवरच आहे." मी तरी एकदा खाली वाकून टोपी बघून आलो. कोरडी होती.